आखाजीला पडलेला बॅनर

तो बॅनर पडला तेव्हा मी धुळ्यात नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आजही धुळ्याच्या बाजारात एखादा म्हातारा भेटतो आणि मला बघून म्हणतो, "तुमचाच ना तो बॅनर, इंजिनच्या दुकानाचा, उद्घाटनाला पडलेला?" पन्नास वर्षं होत आली या गोष्टीला. बॅनर माझा नव्हता. त्यावरची अक्षरं पेंटरची होती, कापड शेठजींचं होतं, बांधणारे हमाल शेठजींचे होते. माझे होते ते काठावरचे पितळी डोळे. आणि त्यातला एकही सुटला नव्हता.

डोळा म्हणजे काय ते सांगतो. कॅनव्हासच्या काठाला दोरी ओवायला भोक लागतं. नुसतं भोक पाडलं तर दोरी कापड खात जाते आणि आठ दिवसांत भोकाची चीर होते. म्हणून त्या भोकात पितळेची कडी बसवतात. बिलावर तिला आयलेट लिहायचे, आम्ही बोलताना डोळा म्हणायचो. तिचे भाग दोन. एकाला गळा असतो, तो पुढून भोकात घालायचा. दुसरी चपटी चकती, ती मागून त्या गळ्यात बसवायची. खाली ठसा, वर ठसा आणि हातोडा. ठोकलं की गळा उमलतो, चकतीवर पसरतो आणि मधलं कापड दोघांच्या चिमटीत सापडतं.

बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे. ज्यांना तसं वाटलं त्यांच्या हातात मी हातोडा देऊन बघितला आहे. ते एक जोराचा घाव घालतात. पितळ तडकतं, त्याला काटे फुटतात आणि तेच काटे पुढे कापड कापतात. मी सात-आठ हलके घाव घालायचो, प्रत्येक घावाला ठसा थोडा फिरवून. भोक गळ्यापेक्षा लहान ठेवायचो, डोळा त्यात दाबून बसवावा लागला पाहिजे. कात्रीनं भोक कधी पाडलं नाही, पोकळ पंचानंच पाडलं. बसवून झालं की अंगठ्याच्या नखानं डोळा फिरवून बघायचो. फिरला तर काढून फेकायचो, मग गिऱ्हाईक दारात उभं असो नाहीतर त्याची गाडी सुटत असो.

हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. मी भडगावकडचा. पाच भाऊ, आणि जमीन दोघांना पुरेल एवढी. मी चौथा, म्हणून माझ्या वाट्याला काय येणार ते मला लवकर कळलं. एकोणिसाव्या वर्षी जळगावला आलो आणि बूट शिवणाऱ्या एका उस्तादाकडे लागलो. बुटाच्या नाडीच्या भोकांना बारीक डोळे असतात, ते बसवायचं काम माझ्याकडे आलं. तीन वर्षं मी दुसरं काही केलं नाही. एकदा यात्रांमधून तंबूत सिनेमा दाखवणारा एक माणूस फाटका पडदा घेऊन आला आणि म्हणाला, "हे बुटाचे डोळे या पडद्याला बसतील का?" उस्ताद हसले. मी हसलो नाही. बुटाचा डोळा पडद्याला पुरणार नाही हे मलाही दिसत होतं, पण मोठा डोळा असता तर पुरला असता हेही दिसत होतं. मोठे डोळे मुंबईला मिळतात असं कळलं. ते ठोकायला ठसा हवा, तो जळगावच्या एका लेथवाल्याकडून करून घेतला. त्यानं सांगितलेला भाव ऐकून मी सहा वेळा त्याच्या दुकानातून उठून गेलो. सातव्यांदा त्यानंच हाक मारली. तो ठसा माझ्याकडे अजून आहे.

पुढे मी जळगावातच स्वतःची जागा घेतली, एका पेंटरच्या शेजारी. त्या काळी बॅनर म्हणजे कॅनव्हास आणि तेलरंग. सिनेमाचे, सर्कशीचे, नव्या दुकानांचे, सभेचे. पेंटर रंगवायचा आणि वाळलं की माझ्याकडे पाठवायचा. काठाची दुमड माझी बायको घालायची. तिहेरी दुमड, आत सुताची दोरी. तिच्या मशीनखालून गेलेला काठ मी डोळे मिटून ठोकायला घ्यायचो. पेंटरचा हात चांगला होता, हे मी कधी नाकारलं नाही. पण त्याच्या तोंडात कायम एकच वाक्य. कुणी माझ्याबद्दल विचारलं की म्हणायचा, "तो ना? तो भोकं पाडतो." दुकानातली माणसं हसायची. पहिल्या वर्षी मीही हसलो.

आता त्या बॅनरकडे येतो.

धुळ्याचे एक शेठजी शेतीची इंजिनं आणि पंप विकायचं नवं दुकान काढत होते. मुहूर्त आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. खानदेशात आखाजीला मुली माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात, बाजाराला आलेल्या शेतकऱ्याचा हात सैल असतो. नवं दुकान उघडायला याहून चांगला दिवस नाही. त्यांना रस्त्याच्या आरपार लागेल असा तीस फुटी बॅनर हवा होता, एक टोक दुकानाच्या गॅलरीला आणि दुसरं समोरच्या धर्मशाळेच्या कठड्याला. ते स्वतः जळगावला पेंटरकडे आले. त्यांच्याबरोबर रावेरचे एक केळीवाले होते, ज्यांना सगळे आबा म्हणायचे. आबांच्या केळीचे ट्रक दिल्लीपर्यंत जात. पावसाळ्याआधी सगळ्या ट्रकांच्या ताडपत्र्या नव्यानं करून घ्यायच्या होत्या, आणि त्या कुणाकडून करून घ्याव्यात हे ते बघत होते. मला ते काम हवं होतं. सिनेमाचे बॅनर चार दिवसांचे. ट्रकची ताडपत्री रोज बांधली जाते, रोज सुटते. ते काम म्हणजे माझ्या हाताची खरी परीक्षा, आणि माझ्या घराला बारमाही आधार.

मी कापड बघितलं, लांबी बघितली आणि शेठजींना म्हणालो, "अक्षरांच्या मधे वाऱ्याला चिरा ठेवाव्या लागतील. अर्ध्या चंद्रासारख्या. नाहीतर एवढं कापड शिडासारखं फुगेल."

शेठजींनी चष्म्यावरून बघितलं. "कात्री लावणार?"

"लावावी लागेल."

"दुकान माझ्या वडिलांच्या नावाचं आहे. त्यांना जाऊन वर्ष झालं नाही. त्यांच्या नावाला तुम्ही कात्री लावणार?"

पेंटर मधेच म्हणाला, "शेठजी, तुम्ही मनावर घेऊ नका. याला जिथं बघावं तिथं भोकच दिसतं."

आबाही हसले. मी गप्प बसलो. ही माझी चूक, आणि ती मी लपवत नाही. भावावरून मी तासभर भांडणारा माणूस. पण आबांसमोर भांडखोर दिसायचं नाही म्हणून तेवढ्या एका ठिकाणी मी तोंड मिटलं, आणि तेवढ्याच एका ठिकाणी ते उघडायला हवं होतं.

पेंटरनं बॅनर फार सुंदर केला. लाल जमिनीवर पिवळी अक्षरं, त्यांना काळी सावली आणि अक्षरांच्या खाली-मधे जेवढी जागा उरली तेवढी पांढऱ्या फुलांच्या वेलीनं भरलेली. माझ्या बायकोनं दुमड घातली, मी वरखाली दर दोन फुटांवर डोळे बसवले. कोपऱ्यांना चामड्याचं अस्तर मागितलं तर पेंटर म्हणाला, शेठजींनी सांगितलेलं नाही. तरी मी कॅनव्हासचंच दुहेरी अस्तर लावलं. बत्तीसच्या बत्तीस डोळे नखानं फिरवून बघितले. एकही हलला नाही.

उद्घाटनाचं आमंत्रण पेंटरला आलं. मला आलं नाही. त्याला टोपी, टॉवेल आणि नारळ मिळाला, हे मला नंतर कळलं. तो नारळ मला नको होता. पण ज्या माणसाच्या कामावर बॅनर टांगला आहे त्याला निदान बोलवायचं तरी.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी एक ओळखीचा एस.टी. कंडक्टर दुकानासमोर थांबून म्हणाला, "भाऊ, धुळ्याला तुमचे डोळे सुटले म्हणतात. ऐन भाषणात बॅनर खाली. पाहुण्यांच्या अंगावरच आला."

"कोण म्हणतं?"

"पेंटरच म्हणत होता. सगळ्यांसमोर. म्हणाला, अक्षरं बघा कशी आहेत, डोळेच कच्चे निघाले."

तिसऱ्या दिवशी रावेरहून पोस्टकार्ड आलं. आबा उद्घाटनाला होतेच. लिहिलं होतं: ताडपत्र्यांचे तूर्त थांबावे. धुळ्याचा प्रकार समक्ष पाहिला.

मी दुकानात किती ओरडलो ते सांगत नाही. शेजारी तेलाच्या घाण्यावर ऐकू गेलं असेल. बायकोनं मशीन थांबवलं आणि म्हणाली, "आधी कापड बघून या. ओरडायचं ते बघून आल्यावर ओरडा." मग परत मशीन चालू केलं. मी पिशवीत ठसा, पंच, हातोडा आणि बाभळीचा ठोकळा टाकला आणि धुळ्याची गाडी पकडली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी खिडकीबाहेर काही बघितलं नाही. माझ्या मनात एकच भीती होती, जी मी बायकोलाही सांगितली नव्हती. खरंच सुटले असतील तर?

दुकानाच्या मागच्या गोदामात बॅनर जमिनीवर पसरलेला होता आणि पेंटर त्यावर गुडघे टेकून मातीनं खराब झालेली अक्षरं परत रंगवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"आलास? बघ तुझी करामत."

मी खाली बसलो आणि एका टोकापासून एकेक डोळा नखानं फिरवत गेलो. दुकानाकडच्या टोकाचे सगळे जसेच्या तसे. मधले सगळे जसेच्या तसे. धर्मशाळेकडचे दोन्ही कोपरे मात्र फाटलेले, आणि तिथे डोळे नव्हते.

"हे दोन डोळे कुठं आहेत?"

"गेले असतील गटारात," पेंटर म्हणाला.

"बांधलेली दोरी कुठं आहे?"

दारात बसलेला एक म्हातारा हमाल, ज्याला सगळे नाना म्हणत होते, तो उठला. खुंटीवरचं दोरीचं वेटोळं काढून त्यानं माझ्या हातात दिलं. माझे दोन्ही डोळे दोरीत अडकलेले होते. आणि प्रत्येकाच्या चिमटीत कापडाचं एक गोल कडं होतं, दोन बोटं रुंद, कडा फाटलेल्या. पितळाला धक्का नव्हता. मी ते कडं ओढून बघितलं. सुटेना.

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रडू येईल असं वाटलं. पण समोर पेंटर होता, म्हणून आलं नाही.

मी ते दोन डोळे घेऊन शेठजींच्या गादीवर गेलो. पेंटरही ब्रश हातात घेऊन मागे आला, कारण त्यालाही ऐकायचं होतं. मी डोळे शेठजींच्या समोर ठेवले.

"शेठजी, डोळा सुटतो तेव्हा कापडाला गोल भोक राहतं आणि डोळा रिकामा हातात येतो. हे बघा. डोळ्यानं कापड सोडलेलं नाही. कापड स्वतः फाटलं, तरी यानं त्याचा तुकडा धरून ठेवला."

शेठजींनी डोळा उचलून बघितला. त्यांनाही ओढून सुटेना. मग म्हणाले, "म्हणजे कापड कच्चं? कापड माझ्या पेढीचं आहे."

"कापड एक नंबर आहे. कापडाला कुणीतरी छळलंय. बांधलं कसं ते विचारा."

नानाला बोलावलं. तो आनंदानं सांगू लागला, कारण त्याच्या मते बांधणं उत्तमच झालं होतं. "आम्ही आवळीसन बांधं. तरी सुरकुती दिसे. मंग बाज वर पानी मारतस ना, तसं मारं. चार बादल्या. काय ताठ व्हयना भाऊ, ढोलसारखा. शेठजी बी खूश."

बाज सैल पडली की तिच्यावर पाणी मारतात, दोर आखडतो आणि बाज ताठ होते. आमच्याकडे हे प्रत्येक घरात करतात. मी स्वतः केलेलं आहे. पण बाजेला लाकडी चौकट असते, ती ताण सोसते. इथं चौकट कुठली? आधीच आवळून बांधलेली सुताची दोरी पाण्यानं आखडली. काठाचं कोरं कापड पाणी प्यालं, तेही आखडलं. मधलं रंगवलेलं कापड तेलरंगामुळे पाणी प्यालं नाही, ते होतं तेवढंच राहिलं. म्हणजे सगळा ताण काठावर आणि काठाचा ताण चार कोपऱ्यांवर. त्यात वाऱ्याला जायला वाट नाही. दुपारचा वैशाखातला वारा आला, आणि धर्मशाळेकडचे कोपरे गेले.

हे सगळं मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, हे कबूल. ऐकून नानाचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "सुरकुती नको, असं शेठजीच बोलले व्हतात."

मी पेंटरकडे वळलो. "आता म्हण. सगळ्यांसमोर म्हणालास ना, डोळे कच्चे? आता सगळ्यांसमोर म्हण, सुटले नव्हते."

पेंटर ब्रश पुसत म्हणाला, "मला काय माहीत पाणी मारलं ते? बॅनर पडला, एवढं मी बघितलं."

"बघितलं नाहीस तर बोललास कशाला?"

शेठजींनी हात वर केला. "झालं ते झालं. आता काय करायचं ते बोला."

झालं ते झालं. माझं नाव धुळ्यात पडलं, रावेरला पडलं, आणि यांच्यासाठी झालं ते झालं. पण सौदा समोर आला की माझं डोकं थंड होतं, हे माझं मला माहीत आहे. मी खाली बसलो आणि म्हणालो, "हाच बॅनर, हेच डोळे, मी स्वतः बांधतो. पाणी मारायचं नाही. मी ठेवीन तेवढा झोळ ठेवायचा. आणि वाऱ्याला वाट द्यायची."

"नावावर कात्री नाही."

"नाही लावत."

"मग कापणार कुठं?"

"फुलं."

पेंटर ताडकन म्हणाला, "माझी वेल? दोन दिवस लागलेत त्या वेलीला."

"फुलंच ना? वाऱ्यानं हलली तर अजून खरी वाटतील."

नाना तोंडावर हात धरून हसला. शेठजी उठून गोदामात आले, आम्हीही मागे गेलो; त्यांनी ते लाल कापड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. शिरोरेषेखाली अक्षराअक्षराच्या मधे जी जागा होती, ती सगळी फुलांचीच होती. वडिलांच्या नावाला कुठंच पातं लागणार नव्हतं. त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि परत पडला तर?"

"तर ठसा आणि हातोडा पांझरा नदीत टाकून देईन. परत कुणाचा डोळा ठोकणार नाही. पण टिकला, तर तुम्ही रावेरच्या आबांना तुमच्या हातानं पत्र लिहायचं."

"काय लिहायचं?"

"खरं ते."

"टिकला तर लिहीन," शेठजी म्हणाले.

दोन्ही फाटके कोपरे मी कापून काढले, चामड्याचं अस्तर देऊन नवे केले. फुलांच्या मधून चिरा पाडल्या, प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना एकेक लहान डोळा ठोकला, म्हणजे ती पुढे फाटत जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीवर मी चढलो, हमालांना चढू दिलं नाही. बॅनर मधे हातभर खाली आला. शेठजी ओट्यावरून म्हणाले, "पोट दिसतंय."

"पोट राहिलं तर नाव राहील," मी वरून म्हणालो.

मी परत गेलो नाही. समोरच्या धर्मशाळेत चार दिवस मुक्काम केला. कठड्याजवळ बसलं की माझे डोळे हातभर अंतरावर. खाली लोक थांबून वर बघायचे आणि एकमेकांना सांगायचे, हाच तो, पडलेला. काही जण बॅनरखालून जायचं टाळून बाजूनं जायचे. मला ते सगळं वरून दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडून आभाळ पिवळं झालं. आधी धूळ आली, मग वारा. उसाच्या रसाच्या गाड्यावरचा पत्रा उडून रस्त्याच्या कडेला आदळला. टांगेवाल्यानं घोडा धरून ठेवला. बॅनर एकदम फुगला, आणि मग सगळ्या फुलांची तोंडं एकाच वेळी उघडली. वारा त्यातून निघून गेला, कापड बसलं, परत फुगलं, परत फुलं उघडली. मी कठड्याजवळ उभा राहून दोरीवर तळहात ठेवला. दोरी थरथरत होती, पण तिच्यात तो जीवघेणा ताण नव्हता. डोळा तिला धरून होता. डोळ्यांत धूळ जात होती तरी मी बाजूला झालो नाही. समोरच्या ओट्यावर शेठजी डोक्यावर उपरणं घेऊन उभे होते आणि वर बघत होते. ते अर्धा तास तिथेच होते.

वारा पडल्यावर त्यांनी मला चहाला बोलावलं. पोस्टकार्ड काढलं, लिहिलं आणि वाचायला दिलं. एकच ओळ होती: बॅनर उभा आहे, येऊन पाहावे.

"एवढंच?"

"हे खरं आहे ना?"

"पाण्याचं लिहा. डोळे सुटले नव्हते हे लिहा."

शेठजी शांतपणे म्हणाले, "आमच्या हमालांनी चूक केली हे मी गावोगाव लिहीत नाही. त्यांना बघू द्या. बघणारा माणूस आहे तो."

मी चहा तसाच ठेवून उठलो. तो कप मी आजही प्यायलेला नाही असंच समजा.

आबा आठवड्यानं आले. मला निरोप आला म्हणून मीही गेलो. त्यांनी शेठजींना काही विचारलं नाही, मला काही विचारलं नाही. सरळ धर्मशाळेच्या जिन्यानं वर गेले; पाण्याचं आणि माझ्या चार दिवसांच्या मुक्कामाचं मीच मागून चढताना सांगून टाकलं. त्यांनी कठड्याशी वाकून दोरी हातानं खेचली, डोळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं, चामड्याचं अस्तर उलटं करून बघितलं. मग मला म्हणाले, "इथं तुम्ही चार दिवस बसून राहिलात. माझ्या ट्रकवर कोण बसेल? माझे हमाल तर पाणी मारणारच. ड्रायव्हर दोरी आवळणारच. मग?"

याचं उत्तर मी त्या चार दिवसांत शोधून ठेवलं होतं. खाली सायकलवाल्याकडून आणलेली जुन्या ट्यूबची पट्टी मी खिशातून काढली. तिचा एक फेर डोळ्यात, दुसऱ्या फेरात दोरी. दोरी आखडली की रबर ताणतं, डोळ्यावर ताण येत नाही. "मारू द्या पाणी," मी म्हणालो. "आवळू द्या."

आबांनी पट्टी दोन-तीनदा ओढून बघितली. मग आम्ही भावावर बोललो. ते केळीच्या घडावर बोलणारे, मी डोळ्यावर बोलणारा. दोघंही दोनदा उठून गेलो आणि दोनदा परत बसलो. शेवटी ठरलं. त्या वर्षी आबांच्या सगळ्या ताडपत्र्या माझ्या घरातून गेल्या. काठ बायकोनं शिवले, डोळे मी ठोकले. पाऊस संपून ट्रक परत आले तेव्हा मी मुद्दाम रावेरला जाऊन ताडपत्र्या मोजून बघितल्या. उन्हानं, चिखलानं कापडाचा रंग गेलेला. डोळे सगळे जागेवर. आबा म्हणाले, "बठ्ठा जसाना तसा शे." म्हणजे सगळं जसंच्या तसं. ते सहसा मराठी बोलायचे. त्या दिवशी घरचं बोलले.

बॅनर शेठजींनी पोळ्यापर्यंत तसाच ठेवला. पण तो का पडला, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पेंटरनंही नाही. म्हणून आजही धुळ्यात लोकांना पडलेला बॅनर आठवतो, टिकलेला आठवत नाही.

दसऱ्याच्या आधी पेंटर माझ्या दुकानात आला. रंगवलेला बॅनर तो पोरांबरोबर पाठवायचा, स्वतः कधी यायचा नाही. या वेळी स्वतः आला, आणि काखेत कोरा कॅनव्हास होता. एक ठिपकाही रंग नव्हता.

"हे काय? रंगवलेलं नाही?"

"धुळ्याचं दुसरं काम आहे. शेठजींनी सांगितलंय, आधी तुझ्याकडे न्यायचं. तू चिरांच्या आणि डोळ्यांच्या जागा दाखवायच्या, मग मी अक्षरं बसवायची."

मी हातातलं काम खाली ठेवलं. "आधी ते वाक्य म्हण."

"कुठलं?"

"तुला माहीत आहे कुठलं."

"सोड ना. शिळं झालं आता ते."

"माझ्यासाठी नाही झालं."

बायकोनं मशीन थांबवलं. पेंटरनं दाराकडे बघितलं, मग जमिनीकडे. डोळे सुटले नव्हते, हे वाक्य त्याच्या तोंडातून आलं नाही. पुढच्या वीस वर्षांत कधी आलं नाही. त्यानं खिशात हात घातला, खडू काढला आणि माझ्यापुढे धरला.

मी तो लगेच घेतला नाही. त्याला थोडं उभं राहू दिलं. मग घेतला, कॅनव्हास जमिनीवर पसरला आणि एका टोकापासून खुणा करत निघालो. तो वाकून बरोबर चालत होता.

"इथं मला मोठं अक्षर घ्यायचंय," तो एके ठिकाणी बोटानं त्याची जागा आखत म्हणाला. "इथं घेतलं तर चालेल?"

"नाही चालणार. चार बोटं सरकव."

त्यानं सरकवलं.